पहिल्या पानावरचं कुंकू

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध संगणकावर चढवायचं काम निघालं, तेव्हा त्याला एक भारदस्त नाव देण्यात आलं होतं. संस्थात्मक अंकीय निधान. परिपत्रकात ते छापून आलं, तळमजल्यावरच्या खोलीवर तशी पाटी लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला ‘रिपो’ म्हणायला लागले. मॅडम कुठायत? रिपोत. चहा कुठे देऊ? रिपोत दे. पाटी अजून आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही.

माझी सगळी नोकरी पुस्तकांना जपण्यात गेली. पानं दुमडू नका, पेनानं खुणा करू नका, ओले हात लावू नका, हे मी इतक्या वेळा बोलले असेन की घरीसुद्धा भाचरं मला त्यावरून चिडवतात. आणि निवृत्ती जवळ आल्यावर त्याच पुस्तकांच्या शिवणी उसवून पानं यंत्रात घालायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी थोडी कुरकुरले, पण आतून खूशही झाले. मांडणीवर धूळ खात पडलेले प्रबंध कुणीतरी, कुठूनतरी उघडून वाचेल, ही कल्पनाच मला आवडली होती.

काम असं चालायचं. प्रबंध ज्याचा, त्याची आधी परवानगी घ्यायची. मग शिवण उसवून पानं सुटी करायची आणि स्कॅन करायची. मग पडद्यावर एकेक पान घेऊन साफ करायचं, म्हणजे वाकडं आलेलं सरळ करायचं, कडेच्या काळ्या पट्ट्या कापायच्या, डाग पुसायचे. साफ झालेलं पान मंजूर झालं की मूळ चित्र संगणकावरून काढून टाकायचं, कारण जागा कायम अपुरी. आणि सुटी पानं परत बांधायला फणसवाडीतल्या बाइंडरकडे जायची. एखादं पान फारच फाटकं किंवा डागाळलेलं असेल तर त्याच्या जागी साफ केलेल्या पानाची छापील प्रत घालायची, अशी सोय होती. पुस्तक कसं, नव्यासारखं दिसायचं. मला तेव्हा ही सोय फार शहाणपणाची वाटली होती.

पानं साफ करायला कंत्राटावर एक बाई होती, वरळी कोळीवाड्यातली, पस्तिशीची. आम्ही तिला कोळीवाडीणच म्हणायचो. सासू मासळी विकायला बसते आणि आपण थंडगार खोलीत माउस फिरवत बसतो याचं तिला मनापासून हसू यायचं. हात मात्र असा स्वच्छ, की पापलेट साफ करावं तशी ती पानं साफ करायची. डाग कुठे होता ते शोधून सापडू नये. माणसंही तिला लगेच आपली वाटायची. त्यामुळे आमच्या खोलीत एक रीत पडली होती. ग्रंथालयातल्या कुणाच्या भावाचा, मामाचा, सरांचा प्रबंध आला की ते ‘घरचं काम’. ते ती जेवणाच्या सुट्टीत करायची, एकेक ठिपका वेचून. घरचं काम झालं की ज्याचं असेल त्यानं पेढे आणायचे.

माझंही घरचं काम होतं. माझ्या ताईचा प्रबंध.

ताई माझ्याहून बरीच मोठी. करी रोडच्या आमच्या चाळीतली ती पहिली डॉक्टर, म्हणजे इंजेक्शन न देणारी. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांत कायम निळा रंग असायचा, आणि सुती कापडावरचा रंग धुतल्यावर का विटतो हा ताईला लहानपणापासून पडलेला प्रश्न पुढे तिच्या प्रबंधाचा विषय झाला. संपानंतर बाबा घरी बसले. आईनं डबे सुरू केले. आमच्या एका खोलीत एका बाजूला आईचा स्टोव्ह, परात, पोळ्यांची चळत, आणि दुसऱ्या बाजूला खाटेवर ताईचे कागद. मधली जागा माझी. पोळीच्या वासाबरोबर मला अजूनही कार्बन पेपरचा वास येतो, आणि आला की चाळ तशीच्या तशी उभी राहते. समोरच्या काकूंची आमच्या दारावरून वाळत घातलेली साडी, गॅलरीतली तुळस, खालच्या वाण्याची घंटा. आता त्या जागी टॉवर आहे. आम्हालाही त्यात घर मिळालं. घर चांगलं आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण शेजारी कोण राहतं ते मला दारावरच्या पाटीवरून कळतं.

प्रबंध टाइप होऊन, बांधून घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. ग्रंथालयाची प्रत सगळ्यांत वर होती. ताई वाण्याच्या दुकानातून तिच्या मार्गदर्शक सरांना फोन करायला खाली गेली. आईनं पोळ्या लाटता लाटता हात पदराला पुसले, देवाच्या फळीवरची हळदीकुंकवाची पितळी कोयरी काढली आणि मला जवळ बोलावलं. आईला अक्षरओळख नव्हती, आणि प्रबंध तर इंग्रजीत.

“गो, हेच्यात ताईचा नाव खंय आसा?”

मी पहिलं पान उघडून नावावर बोट ठेवलं. मला तेव्हा इंग्रजी वाचता येतं याचाच कोण अभिमान. आईनं बोट ओलं करून नावाच्या शेजारी आधी हळद लावली, मग कुंकू. हात जोडले आणि पुस्तक मिटून टाकलं, कारण डब्यांची वेळ झाली होती. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की हे होणारच. शिलाई मशीनला झालं होतं, रेडिओला झालं होतं. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

ताई वर आली. शेजारच्या काकूंना दाखवायला तिनं पान उघडलं. मिटल्यामुळे कुंकू फिसकटून तिच्या नावावर गेलं होतं.

“घाण केलीस,” ताई म्हणाली. “सगळी घाण केलीस तू.”

आई आधी हसली. तिला वाटलं थट्टाच आहे. “कोरा पुस्तक. पयल्यांदा घरात इला. लावक नको?” मग ताईचा चेहरा बघितला आणि ती परत पोळ्या लाटायला बसली. ताई बोलतच राहिली. परीक्षकांच्या प्रती वेगळ्या होत्या, ही नुसती ग्रंथालयात राहणार होती, पण ताईला तेव्हा ते सुचलं नाही. इतकी वर्षं खाटेच्या कडेवर बसून काढलेली, आणि शेवटच्या दिवशी पहिलंच पान असं. तिचंही मला कळतं. पुन्हा टाइप करून बांधायला वेळ नव्हता. प्रबंध तसाच गेला.

पुढे पदवीदान समारंभ आला. बाबांनी नवा सदरा शिवला. आई मात्र पोळ्या मोजता मोजता म्हणाली, “मी येवचंय नाय. परत खंयतरी माझो हात लागात.” रागानं नव्हे, साधं म्हणाली. ताईनं आग्रह केला नाही. समारंभाचा एक फोटो आहे. त्यात काळ्या झग्यातली ताई, बाबा आणि दोन वेण्या घातलेली मी आहे.

मी या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मांडणीत जाऊन तो प्रबंध शोधला. हळद जवळजवळ गेली होती, कुंकू तपकिरी झालं होतं. पण बोटाचा ठसा दिसत होता. चाळ पाडली तेव्हा आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. तिथे घरची प्रत वाळवीनं खाल्ली आणि तिथेच, टॉवरची चावी हातात यायच्या आधी, आई गेली. तिच्या हाताचं म्हणून आमच्याकडे काही उरलं नाही. सहीच्या जागी ती अंगठा द्यायची, ते कागद सरकारजमा. मला आईची फार आठवण आली की मी वर मांडणीत जायची, पान उघडायची, बघायची आणि परत जागेवर येऊन बसायची. हे मी ताईला एकदा सांगितलं. तिनं विषय बदलला.

म्हणून परवानगी मागायला दादरला तिच्या घरी गेले तेव्हा मी बिचकतच होते. ताई आता निवृत्त प्राध्यापिका. एकटी राहते, स्वभाव तसाच कडक. “माझे रंग आता कोण वाचणार?” म्हणत तिनं कागद बाजूला सारला. मग उठली, चहा करून आणला, आणि कप माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता म्हणाली,

“पहिलं पान आहे तसं चढवशील?”

“कुंकवासकट?”

“कुंकवासकटच. नाहीतर चढवूच नको.” मग जरा थांबून, “कुणी कुठूनही उघडलं तरी आधी ती दिसली पाहिजे. समारंभाला आली नव्हती ना.”

ताईला मी अशी कधी बघितली नव्हती. मी हो म्हटलं. परवानगीचा कागद प्रबंधात खोचून तो माझ्या टेबलावर ठेवला, वर चिठ्ठी लावली, ‘हे मी आल्यावर’. दुसऱ्या दिवशी गावी जायचं होतं. आमच्या गावच्या घरी गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, आणि त्यासाठी मी साहेबांशी भांडून पूर्ण रजा घेतली होती.

परत आले तर खोलीत टाळ्या. कोळीवाडीण पुढे आली, तिच्या हातात काळ्याभोर नव्या रेक्झिनात बांधलेला प्रबंध. “मॅडम, तुमचं घरचं काम! तुम्ही आल्यावर तुम्हीच करत बसला असता. म्हटलं, सरप्राइज देऊ. आता पेढे काढा!” बाइंडरलाही तिनं घाई लावली होती.

मी पहिलं पान उघडलं. पांढरं शुभ्र. जाड, गुळगुळीत कागदावर ताईचं नाव, ठळक आणि स्वच्छ, जसं तिला तेव्हा हवं होतं तसं.

“किती डाग होता माहितीय?” ती सांगत होती. “तेलकट. नावाच्या आतपर्यंत गेलेला. एकेक अक्षर सोडवलं मी.”

मी खुर्चीवर बसले. तिला आधी वाटलं मी आनंदानं रडतेय. मग मी कसंबसं सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. बिचारी तशीच संगणकाकडे धावली. पान साहेबांनी मंजूर केलेलं, मूळ चित्र काढून टाकलेलं. कचऱ्याची टोपलीही तिनंच रिकामी केलेली. “मला काय माहीत, मॅडम,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्यावर मी काय रागावणार? इतक्या प्रेमानं माझं वाटोळं आजवर कुणी केलं नव्हतं.

एक आशा होती. काढलेलं मूळ पान बाइंडरकडे असणार. बाइंडर लोक रद्दी टाकत नाहीत, पुठ्ठ्याच्या आत अस्तराला वापरतात. मी टॅक्सी करून फणसवाडीत गेले. बाइंडरचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. म्हातारा माणूस, आमच्या ग्रंथालयाचं काम वर्षानुवर्षं करणारा. खळीची बादली बाजूला सारून त्यानं मला स्टूल दिलं. मी पानाचं वर्णन केलं.

“हां, ते कुंकवाचं? आलं ना लक्षात,” तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. “ते मी वापरलं नाही, मॅडम. हळदकुंकू लागलेलं पान. त्याला खळ लावून पुठ्ठ्यात कोंबायचं? रद्दीत जाऊन कुणाच्या पायाखाली आलं तर? छे! मी ते घरी नेलं, गणपतीच्या निर्माल्यात ठेवलं. परवा चौपाटीला बाप्पाबरोबर सोडलं. निर्माल्य कलशात नाही टाकलं बरं का, चांगलं छातीभर पाण्यात जाऊन सोडलं.”

तो कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होता. मी त्याला बरं केलंत म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मीही हेच केलं असतं. माझ्या घरच्या कुठल्याही माणसानं हेच केलं असतं. बाहेर पडून मी गिरगावच्या रस्त्यानं चौपाटीपर्यंत चालत गेले. वाळूत अजून फुलं, पाटांचे तुकडे, गुलाल होता. मी वेड्यासारखी पाण्याच्या कडेनं कागद शोधत फिरले. कागद पुष्कळ होते. त्यातला आपला एकही नव्हता.

संध्याकाळी दादरला गेले. फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं, कोळीवाडणीच्या पेढ्यांपासून बाइंडरच्या छातीभर पाण्यापर्यंत. मला वाटलं आता ती सुरू होईल. ती उठून खिडकीशी गेली.

“त्या माणसानं तिच्या कुंकवाचा मान ठेवला,” ती म्हणाली. “मी काय म्हणाले होते, आठवतंय तुला?”

मला आठवत होतं. मी नाही म्हटलं. तिला ते कळलं. मग ती रडली. आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. निघताना मी विचारलं, प्रबंध संगणकावरून काढून टाकू का? “थांब,” ती म्हणाली. “मला विचार करू दे.”

दोन-चार दिवसांनी ताई स्वतः ग्रंथालयात आली. खूप वर्षांनी. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून मी प्रबंध घेऊन खाली रिपोतच बसवलं तिला. कोळीवाडणीनं तिला वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यात उभी राहिली. ताईनं सगळीकडे नजर फिरवली, यंत्रं बघितली, चष्मा पुसला. मग पर्स उघडून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

आईची कोयरी होती. ती ताईकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. शिबिरातलं सामान आवरताना मी ती किती शोधली होती. ताई आयुष्यभर कपाळाला काही लावत नाही, देव मानत नाही. कोयरीचं झाकण घट्ट बसलेलं, नखानं उघडावं लागलं. आत एका बाजूला पिवळी, एका बाजूला लाल, खडा झालेली पूड होती. आईच्या वेळचीच.

ताईनं प्रबंध पुढे ओढला, पहिलं पान उघडलं आणि त्या पांढऱ्या कागदाकडे बघत म्हणाली,

“कुठे लावलं होतं तिनं? दाखव.”

माझ्या मागच्याच भिंतीवर, ‘पुस्तकांवर कोणत्याही प्रकारची खूण करू नये’, अशी पाटी होती. माझ्याच सहीची. मी वाकले आणि तिच्या नावावर बोट ठेवलं.

“इथे. नावाच्या शेजारी.”

ताईनं बाटलीतल्या पाण्यात बोट ओलं केलं. आधी हळद लावली, मग कुंकू. ठिपके काही गोल आले नाहीत. मग तिनं डोळे मिटून हात जोडले आणि पुस्तक मिटायला घेतलं.

“ताई, ओलं आहे!” कोळीवाडीण न राहवून म्हणाली.

“माहितीय,” ताई म्हणाली आणि तिनं पुस्तक मिटलं. वर तळहात दाबून धरला. मग उघडलं. कुंकू फिसकटून तिच्या नावावर गेलं होतं.

आम्ही तिघी त्याच्याकडे बघत राहिलो. ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बोट अजून लाल होतं. कुंकू चष्म्याला लागेल म्हणून मी रुमाल घेऊन तिचा हात हातात घेतला.

“नको,” ती म्हणाली. “पुसू नको.”